शस्त्रवैद्याचा दुसरा हात

शिंपी एका हाताने कात्री चालवितो व दुसऱ्या हाताने कापड ताणून धरतो. जठरात दुर्बीण घालून शस्त्रक्रिया करणाऱ्या वैद्यास मात्र हा दुसरा हात नसतो.

जठराचा वा अन्ननलिकेचा कर्करोग आतल्या अस्तरापुरताच असेल, तर पोट न फाडता, तोंडावाटे दुर्बीण घालून तो पुष्कळदा काढता येतो. ही पद्धती १९९० नंतरच्या दशकात जपानात विकसित झाली. अस्तराखाली द्रव टोचून ते फुगवितात, भोवती छेद घेतात व खालून सोलून काढतात. परंतु कापलेले अस्तर सुरीवर लोंबू लागले की खालचा थर दिसेनासा होतो. भिंत अवघी काही मिलिमीटर जाड. सुरी चुकली तर आरपार भोक पडावयाचे!

जपानी वैद्यांनी योजिलेला उपाय पाहून आम्हांस कौतुक वाटले. बारीक चिमट्यास दातांच्या फटी साफ करण्याचा दोरा बांधून तो अस्तराच्या कडेस लावितात. दोऱ्याचे टोक तोंडाबाहेर राहते. ते हलकेच ओढले की अस्तर उचलले जाते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या जपानी चाचणीत अन्ननलिकेवरील अशा शस्त्रक्रियेचा सरासरी वेळ सुमारे ६० मिनिटांवरून ४५ मिनिटांवर आला. मात्र हा दोरा तोंडाकडेच ओढतो. अन्य दिशांस ताण देण्यासाठी स्प्रिंग, रबरी कडी व लोहचुंबक यांची योजना झाली आहे.

वाचकांस आम्ही एवढेच विनवू, की घास अडकणे वा अपचन दीर्घकाळ टिकल्यास अंगावर काढू नये. रोग अस्तरापुरता आहे तोवरच ही युक्ती कामी येते.