धर्मशिक्षणाचा अभ्यासक्रम कोणी ठरवावा? : इंग्लंडमधील स्थानिक परिषदा
(लेखांक सहावा)

इंग्लंडमध्ये सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांतील गणित, इतिहास, विज्ञान इत्यादी विषयांचा अभ्यासक्रम राष्ट्रीय पातळीवर ठरतो. धर्मशिक्षण हा विषय मात्र या सर्व शाळांना कायद्याने बंधनकारक असूनही त्या राष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या बाहेर राहिला आहे. शिक्षणाची जबाबदारी सांभाळणाऱ्या लोकनिर्वाचित स्थानिक संस्थेला तेथील कायद्यात ‘स्थानिक प्राधिकरण’ म्हणतात. अशी सुमारे दीडशे प्राधिकरणे असून प्रत्येकाला धर्मशिक्षणाचा आपापला अभ्यासक्रम स्वीकारावा लागतो आणि त्यावर सल्ला देण्यासाठी एक स्थायी सल्लागार परिषद नेमावी लागते. ‘स्टँडिंग अ‍ॅडव्हायझरी कौन्सिल ऑन रिलिजस एज्युकेशन’ या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांवरून या परिषदेला सर्वत्र ‘सॅक्रे’ म्हटले जाते. एकाच देशातील दोन शेजारी जिल्ह्यांत एकाच विषयाचा अभ्यासक्रम वेगळा असावा, ही व्यवस्था वरवर पाहता विस्कळीत वाटते. परंतु तिच्यामागे दीड शतकाचा संघर्ष आहे, आणि तो संघर्ष समजून घेतल्याखेरीज या परिषदांचे सामर्थ्य कळत नाही आणि त्यांची आजची दुरवस्थाही कळत नाही.

१८७० च्या प्राथमिक शिक्षण कायद्यापूर्वी इंग्लंडमधील बहुसंख्य शाळा चर्चसंस्थांच्या होत्या. या कायद्याने करदात्यांच्या पैशातून शाळा काढणारी निर्वाचित शाळामंडळे अस्तित्वात आली, आणि करदात्यांमध्ये अँग्लिकन, कॅथलिक, बॅप्टिस्ट, मेथडिस्ट, ज्यू असे सर्वच असल्याने या शाळांत कोणता धर्म शिकवायचा, हा प्रश्न तत्काळ उभा राहिला. विल्यम कूपर-टेंपल या संसद सदस्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कलमाने त्यावर तोडगा काढला. मंडळाच्या शाळेत एखाद्या विशिष्ट पंथाची ओळख ठरणारी प्रश्नोत्तरी किंवा श्रद्धासूत्रे शिकवता येणार नाहीत, असे त्या कलमाने ठरवले. त्याच कायद्यातील दुसऱ्या एका तरतुदीनुसार धर्माचा तास शाळेच्या सुरुवातीला किंवा अखेरीस ठेवणे आवश्यक झाले, म्हणजे ज्या पालकांची हरकत असेल त्यांना आपले मूल बाहेर ठेवता यावे आणि त्यापायी त्याचे इतर शिक्षण बुडू नये. या तरतुदीला ‘विवेकस्वातंत्र्याचे कलम’ म्हणतात. पंथनिरपेक्ष धर्मशिक्षण द्यायचे की मुळीच द्यायचे नाही, हा निर्णय मात्र मंडळांवर सोपवण्यात आला आणि बर्मिंगहॅमच्या मंडळाने १८७३ नंतर काही वर्षे आपल्या शाळांतून धर्मशिक्षण वगळलेही. धर्मशिक्षणावरील स्थानिक नियंत्रणाचे मूळ असे या निरुपायाच्या तडजोडीत आहे. केंद्रात एकमत होणे अशक्य होते, म्हणून प्रश्न गावोगावी पाठवला गेला.

ही तडजोड किती नाजूक होती ते १९०२ च्या कायद्याने दाखवून दिले. त्या कायद्यान्वये शाळामंडळे जाऊन त्यांच्या जागी परगणा व नगर परिषदा आल्या आणि स्थानिक करातून चर्चच्या शाळांनाही मदत मिळू लागली. आपल्या पैशातून दुसऱ्याच्या पंथाचे शिक्षण दिले जाणार, हे असह्य होऊन जॉन क्लिफर्ड या बॅप्टिस्ट धर्मोपदेशकाच्या नेतृत्वाखाली हजारो लोकांनी कराचा तेवढा भाग भरण्यास नकार दिला, त्यांच्या घरातील सामान जप्त होऊन लिलावात निघाले आणि काहींनी तुरुंगवासही पत्करला. दक्षिण आफ्रिकेतील लढ्याच्या इतिहासात सत्याग्रह आणि निःशस्त्र प्रतिकार यांतील भेद विशद करताना गांधीजींनी क्लिफर्ड यांच्या याच चळवळीचा दाखला दिलेला आहे. एखाद्या शालेय विषयावरून शांत स्वभावाचे, कायदा पाळणारे नागरिक कर नाकारण्याच्या थराला जातात, यावरून तो विषय राज्यकर्त्यांनी पुढे इतक्या जपून का हाताळला याची कल्पना येते.

यातून बाहेर पडण्याची वाट पहिल्या महायुद्धानंतर काही परगण्यांनीच शोधली. स्थानिक चर्चसंस्था, शिक्षक आणि परगणा परिषद यांनी एकत्र बसून सर्वांना मान्य होईल असा बायबलच्या अभ्यासाचा क्रम तयार करण्याची पद्धत रूढ होऊ लागली. १९२४ चा केंब्रिजशायरचा अभ्यासक्रम इतका वाखाणला गेला की इतर अनेक परगण्यांनी तो जसाच्या तसा उचलला. १९४४ च्या शिक्षण कायद्याने, जो शिक्षणमंत्री बटलर यांच्या नावाने ओळखला जातो, हीच रीत सक्तीची केली. या कायद्यानुसार प्रत्येक प्राधिकरणाने एक संमेलन बोलवावयाचे होते. संमेलनात चार समित्या असत : इतर धर्मपंथांची, चर्च ऑफ इंग्लंडची, शिक्षकसंघटनांची आणि खुद्द प्राधिकरणाची. या चारही समित्यांनी एकमताने मान्य केलेला क्रम म्हणजे ‘सहमतीचा अभ्यासक्रम’. एकमत झाले नाही तर मंत्र्याने दुसरे मंडळ नेमून अभ्यासक्रम तयार करवून घ्यावा, अशी तरतूद होती. म्हणजे हटून बसणाऱ्यालाही ठाऊक असे की आपण अडलो तर निर्णय आपल्या हातून जाईल.

या रचनेतील खरी कल्पकता मतदानाच्या पद्धतीत आहे. आजही परिषदेत आणि संमेलनात हेच चार गट असतात; मत व्यक्तीला नसते, गटाला असते, आणि प्रत्येक गटाला एकच मत असते. परिणामी एखाद्या गटात पंधरा सदस्य असले आणि दुसऱ्यात तीनच असले तरी दोघांचे वजन सारखे राहते. चर्च ऑफ इंग्लंड हे राज्याचे अधिकृत चर्च असूनही त्याला इतरांवर आपले मत लादता येत नाही; निवडून आलेल्या नगरसेवकांना बहुमताच्या बळावर धर्मसंस्थांना बाजूला सारता येत नाही; आणि वर्गात प्रत्यक्ष उभे राहणाऱ्या शिक्षकांना धर्मगुरूंच्या बरोबरीचा नकाराधिकार मिळतो. ही शेवटची गोष्ट फार मोलाची आहे, कारण धर्मशिक्षणाच्या चर्चेत सर्वत्र सर्वांत कमी ऐकला जाणारा आवाज शिक्षकाचाच असतो. शिवाय प्राधिकरणाचा गट वगळून उरलेल्या तीन गटांच्या बहुमताने परिषद प्राधिकरणाला अभ्यासक्रमाचा फेरविचार करण्यास भाग पाडू शकते. हे कलम शासकीय उदासीनतेवरचा उतारा म्हणून ठेवलेले आहे.

१९४४ मध्ये परिषद नेमणे ऐच्छिक होते आणि ‘धर्म’ म्हणजे ख्रिस्ती धर्म हे सर्वांनी गृहीत धरलेले होते. पुढील तीन दशकांत पंजाब, गुजरात, मिरपूर, सिल्हेट, पूर्व आफ्रिका आणि कॅरिबियन बेटे येथून आलेल्या कुटुंबांची मुले औद्योगिक शहरांतील वर्गांत बसू लागली, आणि १९७५ मध्ये बर्मिंगहॅमने हिंदू, मुस्लिम, शीख व ज्यू धर्मांना ख्रिस्ती धर्माबरोबर स्थान देणारा अभ्यासक्रम स्वीकारला. त्यात साम्यवादासारख्या निधर्मी जीवनदृष्टीचाही विचार होता आणि त्यावरून मोठे वादळ उठले. तथापि त्यातील बहुधर्मी दृष्टी टिकली आणि इतर शहरांत पसरली. येथे स्थानिक नियंत्रणाचा सर्वांत मोठा गुण दिसून येतो : जे पाऊल संसदेला टाकायला आणखी १३ वर्षे लागली, ते एका शहराने तेथील लोकवस्ती डोळ्यांसमोर ठेवून आधीच टाकले होते.

१९८८ च्या शिक्षणसुधारणा कायद्याने ते पाऊल देशभर बंधनकारक केले. सहमतीच्या प्रत्येक नव्या अभ्यासक्रमात ग्रेट ब्रिटनमधील धर्मपरंपरा मुख्यतः ख्रिस्ती आहेत ही वस्तुस्थिती प्रतिबिंबित झाली पाहिजे आणि त्याबरोबरच देशातील इतर प्रमुख धर्मांची शिकवण व आचार यांचीही दखल घेतली पाहिजे, असे ठरले. परिषद नेमणे सक्तीचे झाले आणि पहिल्या गटात अन्य ख्रिस्ती पंथांबरोबर त्या परिसरातील प्रमुख धर्मांचे प्रतिनिधी येऊ लागले. एखाद्या पंथाची श्रद्धासूत्रे शिकवण्यास असलेली १८७० ची मनाई कायम राहिली, परंतु त्या श्रद्धासूत्रांचा अभ्यास करण्यास मनाई नाही, असा खुलासा जोडला गेला. श्रद्धा बाणवणे आणि श्रद्धेविषयी ज्ञान देणे यांतील सीमारेषा कायद्याने इतक्या स्पष्टपणे क्वचितच आखलेली आढळते.

भारतीय वाचकाला येथे राज्यघटनेचे २८ वे कलम आठवेल. पूर्णतः राज्याच्या निधीतून चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देण्यास ते मनाई करते, तर राज्याची मान्यता किंवा अनुदान असलेल्या संस्थेत विद्यार्थ्याच्या, आणि तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीखेरीज धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला उपस्थित राहण्याची सक्ती करता येत नाही. महाराष्ट्रातील असंख्य अनुदानित शाळांना हा दुसरा नियम लागू होतो. इंग्लंडमध्ये मूल धर्माच्या तासाला बसेल असे कायदा गृहीत धरतो आणि पालकाला कारण न सांगता त्याला बाहेर काढण्याचा हक्क देतो. भारतात अशा संस्थांत आधी संमती लागते. अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये धर्मांविषयीचा अभ्यास या मनाईत येत नाही असे स्पष्ट केले. परंतु तो अभ्यास कोणी, कोणाशी बोलून आणि कोणाच्या संमतीने आखावा यासाठी सॅक्रेसारखे स्थानिक व्यासपीठ भारतात घडलेले नाही, आणि ही उणीव लहान नाही.

परिषदेचे नित्याचे काम मात्र दिसायला साधे असते. तिच्या बैठका लोकांना खुल्या असतात, तिला वार्षिक अहवाल द्यावा लागतो आणि दर पाच वर्षांनी अभ्यासक्रमाच्या फेरविचारासाठी स्वतंत्र संमेलन भरते. इंग्लंडच्या शाळांत दररोज सामूहिक उपासना होणे आणि ती बहुतांशी ख्रिस्ती स्वरूपाची असणे हा नियम अजूनही आहे. मुलांच्या कौटुंबिक पार्श्वभूमीमुळे ख्रिस्ती स्वरूपाची अट एखाद्या शाळेला गैरलागू ठरत असेल, तर मुख्याध्यापकांच्या अर्जावर तिच्यातून सूट देण्याचा अधिकार परिषदेला आहे. २०२१ च्या जनगणनेत लेस्टर शहरात ख्रिस्ती २४.७ टक्के, मुस्लिम २३.५ टक्के आणि हिंदू १७.९ टक्के होते. अशा शहरातील शाळेची सकाळ कशी सुरू व्हावी हे लंडनच्या मंत्रालयात बसून ठरवता येणार नाही.

तथापि पहिल्या गटात कोणाला बसवायचे हे प्राधिकरण ठरवते, आणि संघर्षाचे केंद्र गेल्या काही वर्षांत तेथे सरकले आहे. २०२१ च्याच जनगणनेत इंग्लंड व वेल्समधील ३७.२ टक्के लोकांनी आपला कोणताही धर्म नसल्याचे नोंदवले. धर्म न मानणाऱ्या पण नैतिक जीवनाविषयी सुसंगत विचार बाळगणाऱ्या मानवतावाद्यांना या गटात पूर्ण सदस्यत्व देण्यास केंट परगण्याने नकार दिला, तेव्हा प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि केवळ धार्मिक श्रद्धा नसल्याच्या कारणावरून असा नकार देणे बेकायदेशीर आहे, असा निर्णय २०२३ मध्ये लागला. वेल्सने त्याआधीच, २०२१ च्या कायद्याने, विषयाचे नाव व व्याप्ती ‘धर्म, मूल्ये आणि नीतिशास्त्र’ अशी बदलली, परिषदांमध्ये निधर्मी तत्त्वविचारांच्या प्रतिनिधींना स्थान दिले आणि नव्या अभ्यासक्रमातून मूल काढून घेण्याचा पालकांचा हक्कही संपवला. केंटबाबतचा निर्णय योग्यच होता. ज्या परिषदेचे सारे बळ सर्वांना सोबत घेण्यात आहे, तिने परिसरातील एक तृतीयांशाहून अधिक लोकांना दाराबाहेर ठेवले असते, तर ‘सहमती’ या शब्दाला अर्थच उरला नसता.

परिषदांना खरा धक्का बसला तो शाळांच्या रचनेतील बदलामुळे. विशेषतः २०१० च्या कायद्यानंतर हजारो शाळा प्राधिकरणाच्या नियंत्रणातून निघून ‘अकादमी’ झाल्या, म्हणजे त्यांना निधी थेट केंद्राकडून मिळू लागला. अकादमींनाही धर्मशिक्षण द्यावे लागते, पण स्थानिक अभ्यासक्रम पाळण्याचे बंधन त्यांच्यावर नाही, आणि आज माध्यमिक शाळांपैकी पाचांत चारहून अधिक अकादमीच आहेत. शाळेत जाऊन तपासणी करण्याचा अधिकार परिषदेला कधीच नव्हता; तिच्यासाठी येणारा निधी प्राधिकरणाच्या सर्वसाधारण रकमेत मिसळलेला असल्याने तो तिच्याच कामी लागेल याची शाश्वती नसते. त्यामुळे काही परिषदा उत्साहाने साहित्य तयार करतात व शिक्षकांना प्रशिक्षण देतात, तर काहींचे अस्तित्व बैठकीच्या इतिवृत्तापुरते उरते. शाळा-तपासणी करणाऱ्या ऑफस्टेड या संस्थेने २०२४ च्या अहवालात अनेक शाळांतील धर्मशिक्षण उथळ असल्याचे आणि मोठ्या वर्गांत तर कायद्याने आवश्यक तितकेही दिले जात नसल्याचे नोंदवले. याची झळ मुलांनाच लागते. शेजारच्या घरातील रोजे, वेसाक (बुद्धपौर्णिमा) किंवा दिवाळी यांविषयी धड काही न कळता शाळा सोडणाऱ्या मुलाला ती माहिती पुढे अफवांतून मिळते.

वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीचे तत्कालीन डीन जॉन हॉल यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २०१८ मध्ये सर्व शाळांसाठी समान राष्ट्रीय हक्कपत्र सुचवले, तसेच स्थानिक अभ्यासक्रमाची सक्ती रद्द करून परिषदांना शाळा व समाज यांना जोडणारे व्यापक स्वरूप द्यावे अशी शिफारस केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये शालेय अभ्यासक्रमाचा आढावा घेणाऱ्या बेकी फ्रान्सिस यांच्या समितीनेही हा विषय टप्प्याटप्प्याने राष्ट्रीय अभ्यासक्रमात आणावा असे म्हटले. ज्ञानाचा गाभा राष्ट्रीय व्हावा हे मान्य करण्याजोगे आहे, कारण मुलाला काय शिकायला मिळते हे त्याच्या घराच्या पत्त्यावर आणि त्याची शाळा अकादमी आहे की नाही यावर अवलंबून राहणे अन्यायाचे आहे. परंतु राष्ट्रीय मसुदा आला म्हणून परिषदा मोडीत काढल्या, तर मशिदीचे विश्वस्त, मंदिराचे प्रतिनिधी, पाद्री, मानवतावादी आणि शिक्षक ज्या एकमेव ठिकाणी समान मताने एकत्र बसतात ते ठिकाण जाईल, आणि तसे दुसरे ठिकाण कोणत्याही मंत्रालयाला परिपत्रकाने उभे करता येणार नाही. म्हणून राष्ट्रीय गाभ्याबरोबर परिषदांना तीन गोष्टी कायद्याने मिळणे अगत्याचे आहे : अकादमींसह परिसरातील सर्व शाळांकडून माहिती मागण्याचा हक्क, केवळ त्यांच्यासाठी राखून ठेवलेला निधी, आणि त्या गाभ्याभोवतीचा स्थानिक भाग एकमताने ठरवण्याचा १९४४ पासून चालत आलेला अधिकार.