काचेपलीकडचा साप (भाग ६) : पोटमाळ्यावरचा लाल बल्ब

मागच्या आठवड्यात अतिनील ट्यूबचं कबूल केलं होतं. ती पुढच्या खेपेला, कारण यावेळची जागा एका पत्रानं अडवली आहे. ‘खारदांड्यात आमचं पत्र्याचं घर, बॉल पायथनची पेटी पोटमाळ्यावर. थंडी पडली की रात्री लाल बल्ब लावू का? लाल उजेड सापाला दिसत नाही म्हणे.’ परिवेश पोर्टलवरच्या नोंदणीचा उल्लेख पत्रातच आहे, तेव्हा ते विचारत नाही.

ताई, बल्बाआधी थर्मामीटर घ्या. एक नव्हे, दोन. पेटीच्या दोन टोकांना एकेक. तुमच्या शेजारच्या सांताक्रूझ वेधशाळेचा नीचांक ७.४ अंशांचा, २२ जानेवारी १९६२चा. एरवी जानेवारीतली पहाट १६-१७ अंशांच्या आसपास असते. बॉल पायथनला रात्रीही २४च्या खाली नको, म्हणजे ऊब हवीच. पण त्याच दिवशी दुपारी दोनला पोटमाळ्यावर चढून बघा. पत्रा तापला की पेटीला थंड टोक उरतच नाही. तुमची खरी अडचण ती आहे.

तुमच्याकडे जवळा जमिनीवर पसरतात. वरून ऊन, खालून धग. म्हणून बायका तो वेळच्या वेळी परततात. सापाला कोण परतणार? तो आपला आपण सरकतो. ऊब हवी तेव्हा ३२ अंशांच्या टोकाला, पुरे झाली की २६च्या. दोन्ही टोकं सारखीच तापली तर सरकून जायचं कुठे? पेटी आधी खाली उतरवा, पत्र्यापासून लांब.

आता लाल बल्ब. हा साप पश्चिम आफ्रिकेतला. दिवसा उंदराच्या बिळात नाहीतर वारुळात पडून राहणारा. लाल रंग त्याला कमी दिसत असेलही, पण त्याची रात्र काळोखीच असू द्या. ऊब द्यायची ती बिनउजेडाची : एका टोकाच्या तळाखाली हीट मॅट, नाहीतर वरून, जाळीच्या आड, सिरॅमिक हीटर. दोन्ही थर्मोस्टॅटवरच.

आणि सेन्सर घट्ट बसवा. माझा एकदा निसटून पाण्याच्या भांड्यात पडला. थर्मोस्टॅटला वाटलं, थंडी आहे. मॅट रात्रभर तापत राहिली आणि सकाळी सापाच्या पोटाचे खवले पांढुरके पडलेले. दोन वेळा कात टाकली तरी खूण गेली नव्हती. भाजतंय म्हणून साप ओरडत नाही, पुष्कळदा हलतही नाही.

पहाटेचे आणि दुपारचे, आठवडाभराचे आकडे लिहून पाठवा. ट्यूब तोवर थांबेल. फक्त खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हावर भिस्त ठेवू नका. सापाला हवे ते किरण काच बाहेरच ठेवते.