जालन्याचा बातमीदार कुठे घडतो?

1 सप्टेंबर 2023 रोजी अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या उपोषणस्थळी लाठीमार झाला आणि गावाच्या वाटेवर ओबी व्हॅन येऊ लागल्या. पुढच्या जूनमध्ये त्याच तालुक्यात, जवळच्या वडीगोद्रीला, ओबीसी आरक्षणाच्या बचावासाठी लक्ष्मण हाके उपोषणाला बसले. शिवार एकच, मागण्या मात्र एकमेकींच्या विरोधातल्या. या दोन मंडपांतून बातमी देणाऱ्याला काय काय ठाऊक असायला हवे? निझामकाळातल्या महसुली नोंदी, कुणबी दाखल्याची पद्धत, हैदराबाद गॅझेटियर, न्यायालयांचे आरक्षणाविषयीचे निकाल, आणि दोन्ही बाजूंच्या घरांत जाऊन बसता येईल एवढा विश्वास. लाठीमाराची दृश्ये कुणीही टिपू शकत होता. नोंदींचा कागद वाचून सांगणारे थोडे होते. जिल्ह्यातली मुले पत्रकारिता शिकतात ती कुठे आणि कशी, हा प्रश्न मला तेव्हापासून फार महत्त्वाचा वाटतो.

1 मे 1981 रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला. विद्यापीठ मात्र छत्रपती संभाजीनगरचे, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. जालन्याहून साठेक किलोमीटर. तिथल्या जनसंवाद व वृत्तपत्रविद्या विभागात जाणारा मंठ्याचा किंवा परतूरचा विद्यार्थी वसतिगृहात नंबर लागतो का, हे आधी पाहतो. नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांना नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा आधार असतो. काहीजण पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जातात; तिथला पुणे विद्यापीठाचा वृत्तपत्रविद्या विभाग 1964 पासूनचा. भारतीय जनसंचार संस्थेच्या अमरावती केंद्रात मराठी पत्रकारितेची पदविकाही आहे. म्हणजे वाटा आहेत. पण यातली जवळजवळ प्रत्येक वाट जिल्ह्याबाहेर जाते आणि शिकलेला मुलगा बहुधा तिकडेच राहतो.

विद्यापीठाआधी शाळा होती ती वृत्तपत्राच्या कचेरीची. आ. कृ. वाघमारे यांनी निझामी राजवटीत 'मराठवाडा' सुरू केला आणि पुढे अनंत भालेराव यांनी तो या विभागाचा आवाज केला. हैदराबाद मुक्तिसंग्रामात लढलेला हा संपादक आणीबाणीतही तुरुंगात गेला. त्या पिढीचा तालुका वार्ताहर शिक्षक असे, वकील असे किंवा दुकानदार. बातम्यांचे पाकीट एसटीच्या वाहकाकडे द्यायचे आणि दुसऱ्या दिवशीच्या अंकात आपल्या मजकुराचे काय झाले ते पाहायचे. उपसंपादकाने काय कापले, मथळा कसा बदलला, यातून तो शिकत गेला. हे शिक्षण सावकाश होत असे, पण पक्के होत असे. आता मोबाइलवरून मजकूर क्षणात जातो आणि पुष्कळदा हात न लागता छापलाही जातो. दुरुस्त करणारा माणूसच मधून निघून गेला, म्हणून वर्गातल्या शिक्षकाची जबाबदारी आज पूर्वीपेक्षा मोठी आहे.

याच परंपरेची दुसरी बाजूही वर्गात आली पाहिजे. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने 27 जुलै 1978 रोजी केला, त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या, आणि नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडावे लागले. त्या काळात 'मराठवाडा'ने नामांतराला विरोध केला होता. ज्यांच्या धैर्याबद्दल आदर वाटतो त्यांच्याच भूमिकेने एका समाजाला दुखावले, हे विद्यार्थ्याने जुने अंक समोर ठेवून वाचावे. डॉ. आंबेडकरांना 'मूकनायक' हे पाक्षिक 31 जानेवारी 1920 रोजी का काढावे लागले, हे त्याला मग पाठ करावे लागणार नाही.

मॅककोम्ब्स आणि शॉ यांचा 1972 चा अजेंडा-सेटिंगचा सिद्धान्त अभ्यासक्रमात असतो, असावाच. पण त्याची परीक्षा जालन्यात घेता येते. हे बियाण्यांचे शहर. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये इथे महिको उभी केली आणि 1998 मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बीटी कापसाला 2002 मध्ये परवानगी मिळाली, पुढे बोंडअळी परतली. एका बोंडात विज्ञान, व्यापार आणि कर्ज यांची एवढी बातमी दुसरीकडे क्वचितच सापडेल. शहराच्या कडेला सळया ओतणाऱ्या भट्ट्या आहेत, तिथे परप्रांतीय कामगार आहेत. दिवाळीनंतर अंबड-घनसावंगीतून ऊसतोडीला निघणारी कुटुंबे आहेत. 2012-13 च्या दुष्काळात टँकरवर जगलेले शहर आणि त्याच तालुक्यात शेततळ्यांवर द्राक्षे पिकवणारे कडवंची, यांतला फरक समजावून सांगणे हा एका सत्राचा अभ्यास होऊ शकतो. पी. साईनाथ यांनी दुष्काळावरचे पुस्तक 1996 मध्ये लिहिले ते अशाच जिल्ह्यांत मुक्काम करून.

पोटाचा प्रश्न टाळता येत नाही. ग्रामीण वार्ताहराला मानधन तुटपुंजे आणि कमाई जाहिरातींच्या कमिशनवर. ज्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाची पुरवणी मिळवायची, त्याच्याच ठेक्याची चौकशी कशी करणार? हा पेच पदवीने सुटत नाही. मात्र कायदा येणाऱ्याला धमकी देणे अवघड जाते. माहितीचा अधिकार 2005 चा, पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्धचा राज्याचा कायदा 2017 चा. बदनामीचे कलम 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत 356 झाले आहे. हे ज्ञान यूट्यूब वाहिनी चालवणाऱ्या तरुणालाही तितकेच लागते. बूम हातात घेण्याआधी त्याने ते मिळवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

विद्यापीठाच्या विभागांना विनंती एवढीच की अभ्यासक्रमाचे एक पूर्ण सत्र तालुक्याच्या गावी ठेवावे: पंचायत समितीची बैठक, मोंढ्यातला लिलाव, तहसीलमधल्या नोंदी. निझामकाळचे कागद वाचता यावेत म्हणून मोडी आणि उर्दूचे प्राथमिक वर्गही घ्यावेत. आणि वाचकहो, असा एखादा विद्यार्थी वही घेऊन तुमच्या ग्रामपंचायतीत आला, तर त्याला सत्कारासाठी बसवून ठेवू नका. जमाखर्चाची वही दाखवा.