शंभर फुटांवरून पडलेला वीर

समजा, चिलखत घातलेला एक योद्धा शंभर फूट उंच कड्यावरून खाली खडकावर पडला. मग तो उठला, अंगावरची धूळ झटकली आणि तलवार उपसून पुढे चालू लागला. आपण म्हणू, हे शक्य नाही. पण टेबलाभोवती बसून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळणारी मंडळी म्हणतात, नियमाप्रमाणे हे अगदी शक्य आहे! आणि मग ‘नियम खरा की वास्तव खरे’ यावर त्यांचे तासन् तास वाद होतात. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने हा वाद मला सांगितला तेव्हा प्रथम हसू आले. मागाहून वाटले, की हा तर आपल्याच वर्गातला प्रश्न आहे.

हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तयार केला आणि तो १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. एक जण सूत्रधार होतो आणि काल्पनिक जगाचे वर्णन करतो. बाकीचे चार-पाच जण प्रत्येकी एकेक पात्र घेतात: कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. ‘मी दार ढकलतो’ असे खेळाडू म्हणतो. दार उघडले की नाही ते सूत्रधार, नियम आणि फासे मिळून ठरवतात. (या फाशांत चार, आठ, बारा आणि वीस बाजूंचेही फासे असतात. नेहमीचा सहा बाजूंचा धरला, तर भूमितीतल्या पाचही सुसम घनाकृती एका पिशवीत सापडतात. शाळेसाठी एक संच घेऊन ठेवावा!)

आता पडण्याचा नियम पाहू. दर दहा फुटांना सहा बाजूंचा एक फासा टाकायचा आणि येईल तितके ‘हिट पॉइंट’ वजा करायचे. त्यांना आपण जीवनांक म्हणू. एका फाशाची सरासरी साडेतीन, म्हणून शंभर फुटांना सरासरी पस्तीस. १९७८ सालच्या नियमांप्रमाणे नवशिक्या योद्ध्याचे जीवनांक सरासरी पाच-सहा असत; तो वीस फुटांवरूनही बहुधा वाचणार नाही. पण बऱ्याच मोहिमा करून नवव्या पातळीवर पोचलेल्याचे सुमारे पन्नास. तो पडतो, उठतो आणि चालू लागतो.

१९८३-८४च्या सुमारास अमेरिकेतल्या ‘ड्रॅगन’ मासिकात या नियमावर चर्चा रंगली. एक बाजू म्हणे, पडणाऱ्या वस्तूचा वेग वाढत जातो, तेव्हा पहिल्या दहा फुटांना एक फासा, पुढच्या दहांना दोन, त्यापुढच्या दहांना तीन असे हवे. म्हणजे शंभर फुटांना पंचावन्न फासे! ऐकायला पटते, पण दहावीच्या विद्यार्थ्याला यातली चूक सापडायला हवी. वेगाचा वर्ग उंचीच्या प्रमाणात वाढतो, आणि गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणजे ऊर्जा उंचीच्या सरळ प्रमाणात वाढते. दहापट उंचीवरून पडल्यास वेग सुमारे ३.१६ पट, ऊर्जा मात्र दहापट. इजेचे माप ऊर्जा मानले, तर दर दहा फुटांना एक फासा हा साधा नियमच बरोबर ठरतो. इजा ऊर्जेच्याच प्रमाणात होते का, हा प्रश्न वेगळा. गवताची गंजी आणि कातळ यांत नियम फरक करत नाही.

नियमात आणखी एक मेख आहे. वीस फाशांच्या पुढे, म्हणजे दोनशे फुटांच्या पुढे, इजा वाढत नाही. हवेच्या विरोधामुळे वेग स्थिरावतो, असे त्याचे समर्थन केले जाते. गणित करून पाहा. दोनशे फूट म्हणजे ६१ मीटर. हवेचा विरोध सोडून दिला तरी वेग येतो सेकंदाला ३५ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १२५ किलोमीटर. आडव्या अंगाने पडणाऱ्या माणसाचा वेग ताशी २००च्या आसपास स्थिरावतो. तेव्हा ही मर्यादा काही भौतिकशास्त्रातून आलेली नाही, ती सोयीची आहे.

मग वीर वाचतो कसा? गफलत पडण्याच्या नियमात नसून जीवनांकात आहे. आर्नेसन यांनी ही कल्पना युद्धनौकांच्या खेळातून उचलली. जहाज चार गोळे खाऊनही तरंगते, पाचव्याला बुडते. माणसाचे तसे नसते. जीवनांक एकच उरलेला योद्धा ताज्या योद्ध्याइतक्याच जोराने लढतो, हे विचित्रच. गायगॅक्स यांनी १९७९ साली खुलासा केला, की जीवनांक म्हणजे केवळ शरीर नव्हे; त्यात कौशल्य आणि नशीबही आले. तलवारीपुरते हे ठीक, पण खडकाला हुलकावणी कशी देणार? मला विचाराल तर खरे कारण साधे आहे. महिनोन् महिने सांभाळलेले पात्र एका फटक्यात गेले, तर खेळायला पुन्हा कोण येईल? १९७८च्या ‘रूनक्वेस्ट’ या खेळाने हात, पाय, डोके यांचे वेगळे अंक ठेवले. वास्तव वाढले, हिशेबही वाढला.

नियमाचा हेतू विसरला की काय होते, याचा एक प्रसिद्ध नमुना आहे. २००० सालापासून या खेळात एक फेरी सहा सेकंदांची असते, आणि एका फेरीत प्रत्येकाला हातातली वस्तू शेजाऱ्याला देता येते. कोणीतरी दोन हजार शेतकरी पाच-पाच फुटांवर रांगेत उभे केले. पहिल्याच्या हातातला भाला त्याच फेरीत शेवटच्याकडे पोचला. तीन किलोमीटर, सहा सेकंद. वेग सेकंदाला पाचशे मीटर, ध्वनीपेक्षा जास्त! आता हा भाला किल्ल्याची भिंत फोडणार, असा दावा. पण भाला इतका वेगवान झाला तो खेळाच्या नियमाने, आणि भिंत फोडायची ती न्यूटनच्या नियमाने. खेळाच्या नियमांत भाल्याला संवेगच नाही. शेवटचा शेतकरी तो फेकेल, तर साधा भाला फेकल्याइतकीच इजा. २०२४च्या सूत्रधारासाठीच्या पुस्तकात तर या रांगेचा दाखला देऊन बजावले आहे, की खेळाचे नियम म्हणजे भौतिकशास्त्र नव्हे.

आपली मुले हेच करतात, आणि त्यात त्यांचा दोष थोडा. ‘हवेचा विरोध नगण्य मानू’ हे वाक्य आपण घाईत उरकतो. मग एखादा हुशार मुलगा दोन किलोमीटरवरच्या ढगातून पडणाऱ्या थेंबाचा वेग काढतो: सेकंदाला सुमारे दोनशे मीटर. आकडेमोड चोख असते. पण असा पाऊस कौले फोडील! प्रत्यक्षात टपोरा थेंबही सेकंदाला नऊ मीटरच्या आसपासच येतो. त्या मुलाचे गणित आपण बरोबर म्हणून तपासतो आणि पुढच्या उदाहरणाकडे वळतो. ‘सर, पण पाऊस तर लागत नाही’ असे म्हणणाऱ्याला मी स्वतः एकदा ‘परीक्षेत हे विचारत नाहीत’ असे उत्तर दिले आहे.

जाता जाता वर्गात करून पाहण्यासारखी एक गोष्ट. हा खेळ पुष्कळदा चौकटीच्या कागदावर मांडतात. २००० सालच्या नियमांत तिरप्या पावलांची किंमत आळीपाळीने एक आणि दोन चौकटी अशी धरत. २००८च्या नियमांत प्रत्येक तिरपे पाऊलही एकच. दहा तिरप्या पावलांचे खरे अंतर १४.१४, पहिला नियम १५ सांगतो, दुसरा १०. आता मुलांना आलेखकागद द्या आणि मध्यबिंदूपासून सहाच्या आत पोचता येईल अशा चौकटी दोन्ही नियमांनी रंगवायला सांगा. एका नियमाने अष्टकोनासारखी आकृती येईल, दुसऱ्याने चक्क चौरस. २००८च्या खेळात मांत्रिकाने टाकलेला आगीचा गोळा चौकोनी फुटत असे, तो यामुळेच.