पहिली नोकरी : ‘अनुभव आहे का?’ या प्रश्नावर उतारा काय?

पनवेल : अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. तळोजा, पाताळगंगा एमआयडीसीत पहिले काम शोधणारे अनेक तरुण याच चक्रात अडकतात. यावर कायदेशीर मार्ग म्हणजे अप्रेंटिसशिप.

कायदा काय सांगतो? १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार, कंत्राटी कामगार धरून ३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनांनी २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे.

काय मिळते? दरमहा विद्यावेतन आणि प्रशिक्षण पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र. कायम नोकरीची हमी मात्र नसते.

काय तपासाल? सरकारी पोर्टलवर तुमच्या नावाने करार नोंदवला आहे का, हे रुजू होतानाच पाहा. नोंद नसेल, तर राबाल. पण हाती पुरावा काहीच उरणार नाही.