पेयजल शुद्धीकरण, घरगुती
पिण्याच्या पाण्यातील अपायकारक घटक घरच्या घरी काढून टाकण्याची वा निष्प्रभ करण्याची क्रिया. पद्धतीची निवड पाण्यातील दोषानुसार करतात. तुरटीमुळे गढूळ पाण्यातील गाळ तळाशी बसतो. परंतु सर्व रोगजंतू नष्ट होत नाहीत. त्यांसाठी निवळलेले पाणी किमान १ मिनिट खळखळून उकळतात किंवा योग्य प्रमाणात क्लोरीन मिसळून ३० मिनिटे ठेवतात. विरघळलेले फ्ल्युओराइड मात्र उकळल्याने जात नाही. उलट बाष्पीभवनामुळे त्याचे प्रमाण किंचित वाढते. यवतमाळ, चंद्रपूर जिल्ह्यांतील काही ठिकाणच्या भूजलात ते आढळते. भारतीय मानकानुसार त्याची कमाल मर्यादा दर लिटरला १·५ मिग्रॅ. आहे. त्याच्या अतिरिक्त सेवनाने दात डागाळतात व हाडे विकृत होतात. अशा पाण्यासाठी अर्धपार्य पटलाचे ‘आर. ओ.’ संयंत्र उपयुक्त ठरते. स्वच्छ दिसणारे पाणीही सदोष असू शकते. म्हणून कूपनलिकेचे पाणी प्रथम प्रयोगशाळेत तपासून घेणे आवश्यक असते.