गोचीड : शब्दाचा अर्थ आणि व्यवहार

गोचीड हा शब्द ठाऊक नाहीं असा शेतकरी सांपडणार नाहीं. परंतु तो ज्या ढोबळ अर्थानें आपण वापरतों त्यामुळें दावणीचें किती नुकसान होतें, ह्याकडे लक्ष थोड्यांचेंच जातें. प्रस्तुत लेखकाचा उमेदीचा काळ महसुली दप्तरांत गेला. सात-बाराच्या उताऱ्यावर 'पड' आणि 'पोटखराबा' ह्यांची अदलाबदल झाली तर खातेदारास किती हेलपाटे पडतात, हें वाचकांस सांगणें नकोच. जनावरांच्या शब्दांविषयीं मात्र आपण तितके काटेकोर नसतों.

शब्द जुना आहे. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायांत, कातडीच्या पडद्याआड गोड दूध असतां तें सोडून गोचीड रक्तच पितो, असा दृष्टान्त आला आहे. तेथें रक्ताला 'अशुद्ध' म्हटलें आहे. जुन्या मराठींत अशुद्ध म्हणजे रक्त. आजच्या अर्थानें वाचणारा तेथें घाण समजून पुढें जातो.

रक्तावर जगणारे जीव अनेक. जळू, ढेकूण, पिसू, गोमाशी, डास. माणसाला नांवें ठेवतांना मात्र आपण जळू आणि गोचीड ह्या दोहोंवरच भर देतों. जळवेवर हा अन्यायच होय. सुश्रुतानें तिच्या बारा जाती सांगून त्यांतील सहा निर्विष ठरविल्या, आणि दुष्ट रक्त काढण्याच्या कामीं तिला वैद्यकांत स्थान दिलें. पोट भरलें कीं ती आपण होऊन सुटते. सावकारास जळू म्हणणारांनीं ह्याचा विचार करावा. १८७५ सालीं सुपें येथें ज्या कुळांनीं कर्जरोखे जाळले, त्यांना आपण होऊन सुटणारा सावकार भेटला नव्हता.

'गोचिडासारखा चिकटला' ह्या म्हणण्यानें तर मोठाच घोटाळा केला आहे. गोचीड जनावरावरच जन्म काढतो, अशी त्यामुळें समजूत होते. वस्तुतः रक्तानें फुगून एरंडाच्या बीएवढी झालेली मादी आपण होऊन खालीं पडते, भिंतीच्या भेगेंत, गव्हाणीच्या बुडाशीं अथवा गवतांत शिरते, हजारों अंडीं घालते आणि मरते. तिचें सुटणें ही सुटका नव्हे. चक्रवाढ व्याजाचा आरंभ तेथूनच होतो. अंड्यांतून निघालेलीं सहा पायांचीं बारीक पिलें पुन्हां जनावराची वाट पाहतात. पहिली कात टाकल्यावर पाय आठ होतात. म्हणून गोचीड हा किडा नसून कोळ्याच्या गोतांतला आहे. कांहीं जाती एकाच जनावरावर सारी वाढ पुरी करतात, तर कांहीं प्रत्येक वेळीं पोट भरल्यावर खालीं उतरून कात टाकतात व पुढें नवें जनावर धरतात. ह्यास्तव केवळ जनावरास औषध लावून गोठा तसाच ठेवणारा मनुष्य गळक्या रांजणांत पाणी भरतो. भेगा बुजवाव्या, भिंतीस चुना द्यावा, आणि औषधाची फवारणी पशुवैद्यास विचारून जनावरावर व गोठ्यांत एकाच दिवशीं करावी. कांहीं दिवसांनीं ती पुन्हां करावी लागते. कानाची आंतली बाजू, शेपटीचें बूड, कांस व मानेखालची पोळी रोज हातानें चाचपावी.

सर्वांत धोक्याचा शब्द 'गोचीड ताप'. ह्या एका नांवाखालीं दोन निरनिराळे रोग वावरतात. एकांत ताप चढतो आणि खांद्यापुढची गांठ सुजते; हा थायलेरिया, आणि संकरित गायींना तो फार बाधतो. दुसऱ्यांत लघवी लाल अथवा कॉफीच्या रंगाची होते, तो बॅबेसिया. गोचीड हाच दुसऱ्या प्रकारच्या रोगाचा वाहक, हें स्मिथ व किलबोर्न ह्या दोघांनीं अमेरिकेंत १८९३ सालीं प्रसिद्ध केलें. पहिल्यास बुपार्व्हाक्वोन चालतें, दुसऱ्यास डिमिनाझीन. टेलिफोनवर 'गोचीड ताप आलाय' एवढेंच सांगणाऱ्यानें गांठ सुजली आहे कीं लघवी लाल आहे, हें सांगितलें नाहीं, तर वैद्याचीही दिशाभूल होते आणि गाय हातची जाते.

माणसाचाही प्रश्न आहे. कर्नाटकांतील शिमोगा जिल्ह्यांत १९५७ सालीं क्यासनूरच्या जंगलांत आढळलेला माकडताप रानांतल्या गोचिडांमार्फत पसरतो. २०१६ सालीं तो सिंधुदुर्गांतील दोडामार्गाकडे आढळला. काजूच्या बागेंत अथवा रानांत जाणाऱ्यानें अंग झांकून जावें आणि घरीं आल्यावर सारें अंग तपासावें. अंगावर चिकटलेला गोचीड बोटांनीं चिरडूं नये. चिमट्यानें कातडीलगत धरून सरळ वर ओढावा. जनावरावरून काढलेले गोचीडही गोठ्यांत टाकूं नयेत, घासलेटाच्या डब्यांत टाकावे. कारण फुगलेली मादी जमिनीवर जिवंत पडली तर ती अंडीं घालतेच.